एकाच तांदळाचा भात

माझा नातू नऊ वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. गेल्या पावसाळ्यात त्याचे अपेंडिक्स सुजले. पण पोट दुखते असे तो एकदाही म्हणाला नाही, रडलाही नाही. दोन दिवस टेबलाच्या कडेला पोट दाबून उभा राहत होता, एवढेच. सूनबाईंनी ते हेरले म्हणून वेळ निभावली. अशा मुलांची वेदना चेहऱ्यावर उमटेलच असे नसते. ती एखाद्या नव्या, विचित्र वाटणाऱ्या सवयीतून प्रकट होते.

शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली. खरी कसोटी नंतर लागली. मॉनिटरची टिकटिक, डोळ्यांवर येणारी ट्यूबलाइट, हाताला चिकटवलेली पट्टी आणि दर आठ तासांनी बदलणारे चेहरे यांमुळे पहिल्या रात्री त्याने सलाइनची सुई दोनदा ओढून काढली. त्याला धरून ठेवण्यासाठी चार माणसे लागली. तो प्रसंग आठवला की आजही मन कासावीस होते.

दुसऱ्या दिवशी आलेल्या सिस्टर वयाने लहान, पण जाणत्या होत्या. त्या म्हणाल्या, “आजोबा, याला काय चालतं, काय चालत नाही, ते एका कागदावर लिहून द्या.” बँकेत आयुष्यभर तपासणी अहवाल लिहिलेल्या माणसाला याहून सोपे काम कोणते? मी एक पान लिहिले: कोणत्या आवाजाला घाबरतो, स्पर्श करण्यापूर्वी काय सांगावे, किती आकडे मोजले की शांत होतो. त्यांनी ते पान केसपेपरला जोडले आणि पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला वाचून दाखवण्याचा शिरस्ता पाडला. सुई टोचण्यापूर्वी त्या ती माझ्या हातावर टेकवून दाखवत. डोक्यावरचा दिवा बंद करून बाजूचा लावला. ड्रेसिंग शक्यतो एकाच सिस्टरने करायचे ठरले. यात खर्च शून्य होता.

(खर्चाचा विषय निघालाच आहे, तर ज्या घरांत असे मूल आहे त्यांनी राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विमा योजनेची चौकशी अवश्य करावी. संरक्षण एक लाख रुपयांपर्यंत असून पूर्व वैद्यकीय तपासणीची अट नाही.)

मग अन्नाचा प्रश्न आला. मऊ भात द्यायला परवानगी मिळाली, पण रुग्णालयातील भाताचे ताट तो वास घेऊनच दूर सारू लागला. शिवाय ते ताट रात्री आठला येई. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवण होते. मोठ्यांसाठी तो व्रताचा भाग असेल. त्याच्यासाठी तो दिवसाच्या रचनेतला खिळा आहे, तो निखळला की सगळा दिवस कोसळतो. बाहेरचे अन्न आणायला मनाई होती. सिस्टरांनी आहारतज्ज्ञांशी बोलून लेखी परवानगी मिळवली. साडेपाचला सूनबाई घरचा भात, तूप-मीठ घालून, घेऊन आल्या. त्याने वास घेतला आणि दोन दिवसांनी पहिला घास गिळला.

तो भात वाडा कोलमचा होता. लहान, हलका दाणा, मऊ शिजणारा. दुसरा तांदूळ तो खात नाही.

वाडा तालुका आज पालघर जिल्ह्यात आहे. 1 ऑगस्ट 2014 पर्यंत तो आमच्याच ठाणे जिल्ह्यात होता. नोकरीत असताना काही वर्षे मी तिथे पीककर्जे मंजूर केली. ‘भात’ एवढेच अर्जावर पाहत असे. वाण कोणता हे कधी विचारले नाही. उत्पन्न अधिक म्हणून जया, रत्ना, कर्जतची सुधारित वाणे लावणाऱ्याकडे माझा कल असे, हे कबूल केले पाहिजे. कोलमचा उतारा कमी, म्हणून तो हळूहळू मागे पडला. 2021 मध्ये वाडा कोलमला भौगोलिक मानांकन मिळाले. तरी बाजारात त्या नावाने इतर ठिकाणचा तांदूळ सर्रास विकला जातो. आपल्याला फरक कळत नाही. नातवाला पहिल्या घासात कळतो.

भाताचे परागीभवन स्वतःच्या फुलातच होते, त्यामुळे घरी राखलेले बियाणे वर्षानुवर्षे बहुतांशी तसेच उगवते. संकरित बियाणे मात्र दरवर्षी विकत घ्यावे लागते. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशीच गावरान वाणे घरात जपली आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा आणि देवाणघेवाणीचा हक्क दिला आहे. आमच्या कोलशेतच्या नावात शेत आहे. बाकी खिडकीतून मनोरे दिसतात. खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या रत्ता, मुणगा या कोकणच्या जुन्या वाणांची नावेही येथील मुलांच्या कानावर पडत नाहीत.

दिवाळीनंतर मी वाड्याला जाऊन एका जुन्या कर्जदाराला भेटलो. तो अजून थोड्या क्षेत्रात कोलम लावतो. मुलाचा आग्रह मात्र संकरित वाणाचा आहे. नातवाला वर्षाला साठ किलो तांदूळ लागतो, असा हिशेब मी मांडला. “एवढंच?” म्हणून तो हसला. मी आगाऊ रक्कम दिली, त्याने कोलमचे बियाणे वेगळे काढून ठेवले.

सिस्टरांनी मागितलेले ते पान आता घरी फाइलीत तयार असते. तांदळाच्या ओळीपुढे त्या शेतकऱ्याचा फोन नंबर लिहून ठेवला आहे.