एकदा तरी अंडी घालू द्या

आज मासळीविषयी बोलायचं आहे. सोलापूर आणि मासे, काय संबंध, असं म्हणून रेडिओ बंद करू नका. सुकट-बोंबलाचं पाल नाही असा आपल्याकडचा आठवडी बाजार मी तरी पाहिलेला नाही. शिवाय आपल्या जिल्ह्यात उजनी आहे. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. शेतं पाण्याखाली गेली आणि काठावरच्या कितीतरी घरांची चूल मासळीवर पेटायला लागली.

करमाळा तालुक्यात, पाण्याच्या कडेला आमचा एक गट आहे. दोन वर्षांपूर्वी तिथल्या एका मावशींनी जाळ्यासाठी बारा हजारांचं कर्ज मागितलं. आम्ही हप्ता विचारला, जामीन विचारला, सह्या घेतल्या. जाळं कसलं, हे एकीनंही विचारलं नाही, मीसुद्धा नाही. पुढे ते जाळं हातात घेतलं तेव्हा बघितलं, त्याच्या भोकात माझी दोन बोटंही जात नव्हती. मासेमारीत या भोकाला आस म्हणतात. इतक्या बारीक आसाच्या जाळ्यातून बोटभर पिल्लूही सुटत नाही. पहिले काही महिने टोपल्या भरल्या, हप्ते वेळेवर आले. मग टोपली अर्धी झाली, आणि आता मावशी म्हणतात, "डिझेलचं पैसं निघंना गं बाई, हप्ता कुठनं भरू?"

असं का झालं ते समजून घेऊ. आपल्याला कटला, रोहू, मृगळ हे मासे मोठे झाल्यावर हवे असतात. पण साधारण दोन वर्षांचे होईपर्यंत ते अंडी घालण्याच्या वयात येत नाहीत. आल्यावरही साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. पावसाळ्यात नदीला गढूळ, वाहतं पाणी आलं की ते धरणातून वर नदीकडे चढतात आणि तिथे अंडी सोडतात. किलोभराच्या मादीच्या पोटात लाखाहून जास्त अंडी असतात. ऐकायला खूप वाटतात, पण त्यातली फार थोडी जगतात. तळ्यात हे मासे अंडी घालत नाहीत म्हणून मत्स्यबीज केंद्रात त्यांना इंजेक्शन द्यावं लागतं. ही युक्ती १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी साधली. आज सोडलं जाणारं बीज त्याच कृपेचं. पण बीज सोडायचं आणि बोटाएवढं झालं की काढायचं, यात कुणाचं भलं होतं?

चिलापीचं मात्र वेगळं. ती काही महिन्यांतच अंडी घालते, साठलेल्या पाण्यातही घालते आणि मादी अंडी तोंडात धरून सांभाळते. कितीही उपसा, ती पुन्हा हजर. बाजारात चिलापीच चिलापी आणि कटला दिसत नाही, याचं एक कारण हे.

आपण शेळ्या पाळणाऱ्या बायका. पाठ चांगली निघाली तर ती खाटकाला देतो का? एकदा दोनदा विऊ देतो, मग पुढचं पुढे. हिशोबही करून बघा. समजा एका किलोत वीस पिल्लं बसली आणि ती स्वस्तात गेली. तीच पाण्यात राहिली, त्यातली निम्मी मेली, तरी दहा मासे उरले. प्रत्येकी एक किलो धरला तर दहा किलो झाले, आणि त्यांनी अंडी घातली ती वेगळीच.

हे मी गटात सांगितलं तर मावशी काय म्हणाल्या ऐका. "शेळी माझ्या दावणीला असती ताई. मासा कुणाचा? मी सोडला तर पलीकडचा धरंल." मला उत्तर देता आलं नाही. त्यांचं बरोबरच होतं. एकटीनं मोठ्या आसाचं जाळं घेणं म्हणजे आपली भाकरी शेजाऱ्याच्या ताटात वाढणं.

म्हणून समुद्रावर काय करतात ते मी शोधून वाचलं. आपल्या राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. माशांचा अंडी घालण्याचा काळ आणि खवळलेला समुद्र, दोन्ही कारणं त्यात आहेत. होड्या एकाच तारखेला थांबतात, त्यामुळे मी थांबले आणि तो गेला, ही तक्रार कमी होते. त्याआधीही कोळी लोक पावसाळ्यात होड्या ओढून ठेवत आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा समुद्रात जात. २०२३ साली सरकारनं पापलेटला राज्य मासा जाहीर केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली. पापलेटची १३५ मिलिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. त्याहून लहान धरायचा नाही. नियम मोडणारे तिथेही आहेत, कोकणातले लोक फार साधे आणि आपणच वाईट असं काही नाही. पण मोजायला एक माप तरी आहे.

गोड्या पाण्यासाठी राज्याचा १९६० चा मत्स्य कायदा आहे. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणं तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. पण धरणाच्या एवढ्या लांब काठावर रोज कोण पहारा देणार? काठावर राहणाऱ्यांनीच ठरवलं तर काही होईल.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, नाहीतर घरी जाऊन बारीक मासे खाणंच बंद कराल. लहान मासा म्हणजे पिल्लूच असं नाही. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा, ती बारीक कोळंबीच, मोठी होतच नाही. धरणातही काही जाती बोटाएवढ्याच राहतात. त्या काट्यासकट खाल्ल्या तर बायकांना, पोरांना कॅल्शियम मिळतं. त्या खुशाल खा. कटल्याचं पिल्लू ओळखायचं तर डोकं बघा. ते अंगापेक्षा मोठं दिसतं आणि तोंड वर वळलेलं असतं. मृगळ सडपातळ, रुपेरी, त्याचं तोंड खाली. निवडायला, वाळवायला बायकाच बसतात, त्यामुळे टोपलीत काय आलं हे पुरुषांआधी आपल्याला कळतं.

मावशींचा हप्ता आम्ही सहा महिने पुढे ढकलला. चूक त्यांच्या एकटीची नव्हती. आता जाळ्याच्या कर्जाच्या अर्जावर आम्ही एक ओळ वाढवली आहे: आस किती? पण एका गटानं विचारून भागणार नाही. येत्या बुधवारी काठावरच्या तीन गावांचे गट मंदिरात दुपारी दोन वाजता बसणार आहेत. कोणत्या मापाखालचं जाळं कुणीच घ्यायचं नाही आणि पावसाळ्यात किती दिवस सगळ्यांनी मिळून थांबायचं, हे तिथे ठरवायचं. थांबलेल्या दिवसांत घर कसं चालायचं, यावर भांडण होणार हे मला दिसतंय. बचतीतून काही देता येईल का, तेही बोलू. येताना घरातल्या जाळ्याचा एक तुकडा आणा. मी पट्टी आणते. एका गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंत ताणून मोजू.