समृद्धीवरून उतरलं तर नांदगाव

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. ताशी 120च्या वेगानं निघालेली मोटार अमरावती जिल्हा तासाभरात मागे टाकते, आणि काचेतून दिसलेला नांदगाव खंडेश्वर तालुका म्हणजे पऱ्हाटी, तूर आणि काळी माती, एवढंच लक्षात राहतं. गाव पाहायचं तर अमरावती-यवतमाळ रस्ता बरा. अमरावतीहून सुमारे 35 किलोमीटर.

गावाच्या नावातला खंडेश्वर म्हणजे महादेव. त्याचं दगडी देऊळ सगळे हेमाडपंती म्हणून दाखवतात. पण देवळातला शिलालेख शके 1177चा, म्हणजे इ.स. 1255च्या आगेमागेचा. तेव्हा देवगिरीच्या गादीवर यादव राजा कृष्णदेव होता. हेमाद्री पंडित, म्हणजेच हेमाडपंत, कारभारी म्हणून पुढे आला तो त्यानंतर, महादेव आणि रामदेवराय या यादव राजांच्या काळात. वऱ्हाडात काळ्या दगडाचं जुनं देऊळ दिसलं की श्रेय हेमाडपंताला देऊन टाकायची रीतच आहे. पाथरवटांची नावं मात्र कुणाला ठाऊक नसतात. शिवारातली काळी मातीही याच काळ्या पाषाणाची झीज होऊन झालेली. पावसाळ्यात पाय रुततो, उन्हाळ्यात भेगा पडतात, आणि ओल धरून ठेवते म्हणून कपाशी पोसते.

खाण्याचं विचाराल तर रोडगे. जाडसर दळलेल्या गव्हाची कणीक थरावर थर देऊन वळायची, गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकून फोडायचे आणि वर तूप सोडायचं. जोडीला वांग्याची झणझणीत भाजी आणि तुरीचं वरण. हे नवसाचं, शेतातल्या पंगतीचं जेवण. हॉटेलच्या पाटीवर ते शोधण्यात अर्थ नाही. ओळखीच्या घरी आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं बरं, कारण आर पडायलाच वेळ लागतो.

याच तालुक्यातलं पापळ हे डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुखांचं जन्मगाव. 27 डिसेंबर 1898ला शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या या माणसानं विदर्भात शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, केंद्रात कृषिमंत्री म्हणून काम केलं आणि 1959मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. अकोल्याचं कृषी विद्यापीठ त्यांच्याच नावाचं. भाऊसाहेबांवर इतकं बोललं जातं, पण पापळची वाट धरणारे थोडेच.

यायचं तर डिसेंबर-जानेवारीत. कापूस वेचणीला आलेला असतो, तुरीला शेंगा धरलेल्या असतात. महाशिवरात्रीला देवळात गर्दी होते. शिलालेख निवांत पाहायचा असेल तर तो दिवस टाळावा. मुक्कामाची सोय अमरावतीतच करावी. रेल्वेनं येणाऱ्यांना बडनेरा स्थानक सोयीचं.