बुरशीच्या धाग्यातील स्फुरदवाट

नीरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोहोचले आणि बारामती, इंदापूर हा पट्टा कालांतराने उसाचा म्हणून ओळखला जाऊ लागला. येथील काळ्या जमिनीत अनेक ठिकाणी चुनखडीचे प्रमाण मोठे आहे. अशा जमिनीत डीएपी किंवा सुपर फॉस्फेट टाकले की त्यातील स्फुरद चुन्याशी बांधले जाते. पहिल्या हंगामात पिकाच्या वाट्याला बहुधा त्याचा चतुर्थांशही येत नाही. मुळाभोवतीच्या दोन-चार मिलिमीटर मातीतील स्फुरद संपले की मूळ उपाशी राहते आणि पैसे मोजून टाकलेले खत हाताच्या अंतरावर पडून असते.

हे अंतर तोडण्याचे काम मायकोरायझा नावाची बुरशी करते. ती उसाच्या मुळात शिरून बाहेरच्या मातीत केसाहूनही बारीक तंतू पसरते, तेथील स्फुरद शोषून मुळाला देते आणि बदल्यात पिकाकडून साखर व स्निग्ध पदार्थ घेते. म्हणूनच कृषी सेवा केंद्रांत तिची पाकिटे विकली जातात. परंतु काही सेंटिमीटर लांबीच्या त्या तंतूतून स्फुरदाचा प्रवास होतो कसा, हे दीर्घकाळ कोडेच होते.

ते उलगडण्यास मदत केली ती प्रतिदीप्त रंगांनी. कार्बॉक्सीफ्लुओरेसिन डायअ‍ॅसिटेट हा त्यांपैकी एक. पेशीबाहेर असताना तो चमकत नाही. पेशीचे पटल ओलांडून आत गेला की पेशीतील विकरे त्याचे अ‍ॅसिटेटचे तुकडे छाटतात. मग तो चमकू लागतो. मात्र आता त्याच्यावर विद्युतभार असल्याने त्याला सहजी बाहेर पडता येत नाही. पेशी हा परका पदार्थ आपल्या कोठारात, म्हणजे रिक्तिकेत, नेऊन ठेवते. निळा प्रकाश टाकला की ते कोठार हिरवे उजळते. मेलेल्या पेशीत यातले काहीच घडत नाही. रंगाची खरी किंमत इथेच आहे.

सिडनीच्या न्यू साऊथ वेल्स विद्यापीठातील अ‍ॅन अ‍ॅशफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये निलगिरीसारख्या वृक्षांच्या मुळांशी राहणाऱ्या पिसोलिथस बुरशीवर हा रंग वापरला. तोवर रिक्तिका म्हणजे गोल पिशवी, असे चित्र रूढ होते. तंतूच्या टोकाशी त्यांना प्रत्यक्षात दिसल्या त्या सतत हलणाऱ्या, लांबणाऱ्या, आखडणाऱ्या, एकमेकींना जोडलेल्या नळ्या. पेशींमधील पडद्याच्या छिद्रातूनही त्या पलीकडे जात होत्या. पूर्वी त्या दिसल्या नव्हत्या, कारण नमुना टिकवण्यासाठी वापरली जाणारी रसायने या नाजूक नळ्या तोडून त्यांचे गोल फुगे करून टाकत. तयारीनेच पुरावा पुसला जात होता! २००२ मध्ये जपानी संशोधकांनी उसाच्या मुळांशी राहणाऱ्या गटातील गिगास्पोरा या बुरशीतही नळ्यांचे असेच जाळे असल्याचे नोंदवले.

या जाळ्यात काय साठते, हे दुसऱ्या एका रंगाने कळते. डॅपी हा रंग डीएनएला चिकटला की निळा चमकतो आणि स्फुरदाच्या लांब साखळीला, म्हणजे पॉलिफॉस्फेटला चिकटला की पिवळसर. बुरशी मातीतील स्फुरद या साखळीच्या रूपाने रिक्तिकांत साठवते. मुळाजवळ साखळी तुटते आणि स्फुरद पिकाकडे जाते. नळ्यांतून हा माल केवळ विसरणाने पुढे सरकतो की पेशीद्रवाच्या प्रवाहाबरोबर, यावर अद्याप एकमत नाही. शिवाय रंगाचे प्रमाण जास्त झाले किंवा प्रकाश तीव्र झाला तर पेशीच बिघडते. त्यामुळे एकाच चित्रावर विसंबून चालत नाही.

ही वाट चालते ती तंतू जिवंत आणि अखंड असेल तरच. वारंवार खोल नांगरट झाली की जाळे तुटते. काही बुरशीनाशके जमिनीत ओतली की ते मरते. स्फुरदाची मात्रा फार वाढवली तर पीकच बुरशीला फारसे जवळ करीत नाही. एकाच हंगामात पाकीटही टाकायचे आणि डीएपीचा हातही सैल सोडायचा, हा व्यवहार म्हणूनच तोट्याचा ठरू शकतो.

मुळांची नेहमीची तपासणी मात्र वेगळी असते. मुळे क्षारात तापवून, ट्रायपॅन ब्लूने रंगवून पाहतात. बुरशी मुळात शिरली आहे की नाही, हे त्यातून कळते. ती स्फुरद वाहते आहे की नाही, हे त्या मेलेल्या निळ्या मुळावरून सांगता येत नाही.