बाटली बदलली, औषध तेच

कोसाड-अमरोलीत राहणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणांचं गाव खानदेशात, आणि गावी शेतात कापूस. सुरतेचंही कापसाशी जुनं नातं आहे. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, संकर-४, डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० साली इथल्याच संशोधन केंद्रात तयार केला. त्यामुळे गावाकडची एक तक्रार आपणही समजून घेऊ: "फवारलं, तरी मावा मरत नाही."

मावा पानामागे बसून रस शोषतो. पानं आकसतात, चिकटा पडतो, त्यावर काळी बुरशी चढते. २००२ साली बीटी कापूस आला तो बोंडअळीसाठी. माव्याला त्याचं काहीच वाटत नाही. म्हणून बियाणंच इमिडाक्लोप्रिड लावून येऊ लागलं, आणि पुढे फवारणीतही तेच.

औषधात भेसळ असेल, असं आपण चटकन म्हणतो. कधीकधी असतेही. पण माव्याची मादी नराशिवायच पिल्लं देते आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिढी आधीच वाढत असते! एखादी फवारणीतून वाचली, की तिची सगळी लेकरं तिच्यासारखीच चिवट. ती वाचते कशी? काहींच्या मज्जातंतूंत औषध जिथे चिकटतं, त्या प्रथिनातला एक घटक बदललेला असतो. बटाट्यावरच्या हिरव्या माव्यात तर विष अडवणाऱ्या एस्टरेज विकराच्या जनुकाच्या ८०पर्यंत प्रती सापडल्या आहेत.

मग माणूस दुकानात जाऊन "दुसरं द्या" म्हणतो. खरी गोची इथेच होते. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, अ‍ॅसिटामिप्रिड ही नावं तीन, पण गट एकच: ४ए. एकाला न जुमानणारा मावा बहुधा बाकीच्यांनाही जुमानत नाही. डोस वाढवला तर कमजोर मरतात, चिवट उरतात. फ्लोनिकॅमिडचा गट निराळा, २९. ते माव्याचं रस शोषणंच बंद पाडतं. अशी गटांची पाळी बदलत राहिली, तर एकाच प्रकारचा चिवट मावा माजत नाही.

आणि मावा दिसला की लगेच पंप पाठीवर घ्यायचा, असंही नाही. पानामागे सरासरी १०च्या आत असेल तर ढालकिडे आणि सिरफिड माशीच्या अळ्या पुष्कळ काम करतात. आपणच त्यांना फवारून मारतो. सुरुवातीला ५% निंबोळी अर्क चालतो. युरियाचा हातही जरा आखडता हवा, कारण लुसलुशीत पान माव्याला फार आवडतं. बियाण्याला आधीच ४ए गटाचं औषध लागलेलं असेल, तर निदान पहिली फवारणी तरी त्या गटाची नको.