धातू, दोन अक्षरी!

‘आडवे सात. एक धातू, दोन अक्षरी.’

मी वाचलं आणि लगेच ओरडले, ‘सोने!’

‘सोनेच कशावरून? चांदी का नाही?’ आजोबांनी विचारलं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांचं वाचन काही दिवस बंद होतं. पण सकाळचं शब्दकोडं चुकवायचं नव्हतं, म्हणून वाचायची ड्युटी माझ्याकडे आली. बारावीत केमिस्ट्रीत काठावर पास होऊन मास मीडियाला पळालेली मी पुन्हा धातूंच्याच तावडीत सापडले!

मराठी कोड्यात एका चौकटीत एक अक्षर, जोडाक्षरालाही एकच चौकट. या हिशेबाने सोने, चांदी, तांबे, लोह, जस्त, शिसे, पारा हे सगळे दोन अक्षरी! त्यामुळे नुसतं आठवून भागत नाही. उभ्या शब्दातून एखादं अक्षर मिळेपर्यंत थांबावंच लागतं.

पुढचा धातू तीन अक्षरी, कल्हईसाठी लागणारा. मी म्हटलं, ‘पितळ.’ आजोबा हसले. ‘अगं, पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, म्हणून आतून कल्हई करायची. ती कथलाची!’ शिवाय पितळ हे मूलद्रव्यच नाही. तो तांबं आणि जस्ताचा मिश्रधातू. कोड्यात ‘मूलद्रव्य’ म्हटलं असेल तर पितळ बाद.

इंग्रजी क्रिप्टिक कोड्यात तर धातूंची चिन्हंच कामाला लागतात. ‘गोल्ड’ दिसलं की एयू, ‘सिल्व्हर’ म्हणजे एजी, ‘आयर्न’ म्हणजे एफई. तांब्याच्या सीयूला ‘बीई’ जोडलं की झाला ‘क्यूब’! ही चिन्हं लॅटिन नावांवरून आली आहेत: ऑरम, अर्जेंटम, फेरम, क्युप्रम. बारावीत हे कळलं असतं, तर ‘आयर्नचं आय कुठे गेलं?’ म्हणून रडले नसते.

आणि आडवे सात? उभ्यात ‘पुस्तक’ बसलं आणि मधला ‘स्त’ हाती लागला. उत्तर होतं जस्त. ‘चिन्ह सांग,’ आजोबा म्हणाले. ‘झेडएन!’ हे मात्र पाठ होतं.

आता आजोबांना नवा चष्मा लागलाय, कोडं ते स्वतःच वाचतात. धातू आला की मात्र तेवढ्या चौकटी माझ्यासाठी रिकाम्या ठेवतात.

तुमच्यासाठी एक: आपल्या खोलीच्या तापमानाला द्रवरूप असणारा धातू, दोन अक्षरी. पेन घ्या!