तोफगोळा, पृथ्वी आणि आपला कान

२३ मार्च १९१८ च्या सकाळी पॅरिसमध्ये अचानक स्फोट होऊ लागले. ते तोफगोळे होते आणि जर्मन तोफ होती सुमारे १२० किलोमीटरवर! गोळा जवळजवळ तीन मिनिटे हवेत असे. तेवढ्यात खालची पृथ्वी फिरते. म्हणून नेम धरताना तिचे फिरणेही हिशेबात धरावे लागे. नाहीतर गोळा किलोमीटरहून अधिक उजवीकडे पडला असता.

असे का? पृथ्वीबरोबर पॅरिसची जमीन ताशी सुमारे ११०० किलोमीटर वेगाने पूर्वेला सरकते, मुंबईची १५८०, तर विषुववृत्तावरची १६७०. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे डागलेला गोळा सुटतानाचा पूर्वेकडचा कमी वेग सोबत नेतो. पुढची जमीन मात्र अधिक वेगाने सरकत असते. गोळा मागे, म्हणजे पश्चिमेला, पडतो. तीच त्याची उजवी बाजू. फिरत्या यंत्रांसाठी याचे गणित फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिऑलिस यांनी १८३५ मध्ये मांडले, म्हणून हा 'कोरिऑलिस परिणाम'.

वानखेडेच्या सीमारेषेवरून यष्टीकडे फेकलेला चेंडू मात्र यामुळे सेंटिमीटरभरही ढळत नाही. तो हवेत जेमतेम तीन सेकंद असतो.

मग हे फिरणे आपल्याला जाणवत का नाही? आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. फिरण्याचा वेग बदलला की त्या मेंदूला कळवतात. एकसारखे फिरणे चालू राहिले की थोड्या वेळाने गप्प बसतात. पृथ्वी तर तासाला अवघे १५ अंश फिरते, तेही एकसारखी.

विमान वळत असताना वैमानिकाने मान झटकन वाकवली, तर हाच द्रव भलत्या दिशेला ढकलला जातो आणि विमान कलंडल्याचा भास होतो. ढगांत किंवा अंधारात क्षितिज दिसत नसेल, तर हा भास जिवावर बेतू शकतो. म्हणूनच वैमानिकांना शिकवतात : कानावर नव्हे, समोरच्या यंत्रांवर विश्वास ठेवा.

आपणही जत्रेतल्या चक्रीत बसताना मान स्थिर ठेवावी. पण एका जागी बसूनही अचानक गरगरले आणि सोबत बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा हात-पाय लुळा पडला, तर 'चक्कर आहे, जाईल' म्हणून वाट पाहू नका. तो पक्षाघात असू शकतो. त्याच क्षणी रुग्णालय गाठा.