मन, शरीर आणि नाती : मानसोपचाराबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

समग्र पद्धतीने काम करणारा थेरपिस्ट समोरच्या माणसाला तीन अंगांनी प्रश्न विचारतो: मनात काय चालले आहे, शरीर काय म्हणते आहे आणि घरात, कामावर कोणाशी कसे पटते आहे. अमेरिकन डॉक्टर जॉर्ज एंगेल यांनी १९७७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा विचार मांडला. आजार फक्त शरीरातल्या बिघाडावरून उलगडत नाही, माणसाचे मन आणि त्याच्या भोवतीची माणसे यांचाही त्यात वाटा असतो, असे त्यांचे म्हणणे होते. आज मानसोपचाराच्या शिक्षणाचा तो पाया आहे. तरीही या पद्धतीबद्दल अनेक चुकीच्या समजुती आहेत आणि त्यापायी माणसे उपचारापासून लांब राहतात.

सर्वांत घट्ट समजूत शरीराबद्दलची आहे. बेळगावच्या खडेबाजारात दिवसभर गल्ल्यावर बसणारा दुकानदार किंवा शहापूर-वडगावात मागावर काम करणारा विणकर ‘मन उदास आहे’ असे सहसा म्हणत नाही. तो म्हणतो: डोके जड झाले आहे, पित्त वाढले आहे, छातीत धडधडते, हातापायाला मुंग्या येतात. ईसीजी आणि रक्ताचे रिपोर्ट चांगले आले की घरचे म्हणतात, ‘काही झालेले नाही, नुसते मनाचे खेळ.’ पण हा त्रास खरा असतो. भीतीच्या क्षणी अॅड्रेनालिन रक्तात उतरते, नाडी वाढते, स्नायू ताठतात, श्वास भरभर चालतो. या वेगवान श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून बोटांना मुंग्या येतात आणि चक्कर आल्यासारखे वाटते. त्या लक्षणांचीच भीती बसते आणि भीतीने लक्षणे आणखी वाढतात. हे चक्र समजावून सांगणे, श्वास संथ करायला शिकवणे आणि टाळलेल्या जागी पुन्हा हळूहळू जायला लावणे हाही उपचारच आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. शरीराची प्रत्येक तक्रार मनातून येते, असे समजणे धोक्याचे असते. थायरॉइड मंदावणे, बी-१२ ची कमतरता आणि रक्तक्षय यांमुळे थकवा, उदासी, विसराळूपणा येऊ शकतो. छातीत पहिल्यांदा दुखले तर आधी हृदयाची तपासणी झालीच पाहिजे. चांगला थेरपिस्ट म्हणूनच डॉक्टरांकडे पाठवतो. शरीर तपासल्याशिवाय ‘हे मनाचेच आहे’ असा निष्कर्ष काढणाऱ्या माणसाला समग्र म्हणता येणार नाही.

निपाणीचा परिसर तंबाखूच्या पिकासाठी आणि विडीकामासाठी ओळखला जातो. तंबाखूने ताण हलका होतो, अशी समजूत सगळीकडेच आहे. प्रत्यक्षात निकोटिनचा अंमल काही तासांत उतरतो, मग अस्वस्थता वाढते, चिडचिड होते. पुढची चिमूट किंवा विडी ही अस्वस्थता तेवढी शमवते, आणि माणसाला वाटते की ताण गेला. २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यात धूम्रपान सोडलेल्यांची चिंता आणि उदासी सोडल्यानंतर घटलेली आढळली. सुरुवातीचे दिवस कठीण जातात, हे मात्र खरे.

गोळ्यांबद्दल दोन उलट समजुती एकाच घरात ऐकू येतात: ‘एकदा चालू झाल्या की जन्मभर सुटत नाहीत’ आणि ‘आठ दिवस खाल्ल्या, फरक नाही, बंद करा.’ नैराश्यावरच्या औषधांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटल्यावरही ती पुढे निदान सहा महिने चालू ठेवावी लागतात. दारू किंवा तंबाखूसारखी तल्लफ त्यांनी येत नाही, मात्र एकदम थांबवल्यास चक्कर, चिडचिड होऊ शकते, म्हणून डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. सवय लागण्याचा धोका असतो तो अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या व चिंतेच्या गोळ्यांचा, आणि नेमक्या त्याच गोळ्या माणसे जुनी चिठ्ठी दाखवून परस्पर आणतात.

‘घरातली गोष्ट घरातच मिटवावी, बाहेरच्याला कशाला सांगायची’ या समजुतीमागे नात्यांची काळजी असते, हे मान्य केले पाहिजे. पण नाती हा उपचाराचा भाग का आहे, याला भक्कम आधार आहे. इंग्लंडमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले की स्किझोफ्रेनियातून सावरलेला माणूस सतत टीका, द्वेष किंवा जीव गुदमरवणारी काळजी असलेल्या घरात परतला, तर आजार उलटण्याचे प्रमाण वाढते. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चंदीगडच्या अभ्यासात तिथल्या कुटुंबांत अशी टीका लंडनपेक्षा कमी आढळली. म्हणजे भारतीय घराची ऊब ही खरी ताकद आहे. ती वापरण्याची कल्पनाही इथलीच: अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांबरोबर नातेवाइकांना तंबूंत राहायला बोलावले. पुढे वेल्लोर आणि बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये हा मार्ग रुजला.

थेरपिस्ट पंच म्हणून बसत नाही. नवराबायकोत चूक कोणाची हे ठरवणे किंवा काहीही करून संसार टिकवणे, हे त्याचे काम नाही. दोघांचे भांडण कुठल्या वळणावर पेटते, ते तो दोघांना दाखवतो. मात्र मारहाण होत असेल तर एकत्र बसवणे योग्य नसते. तिथे आधी बाईची सुरक्षितता आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची मदत. सांगितलेली गोष्ट बाहेर फुटेल, ही भीतीही घालवता येते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. जिवाला धोका असण्यासारखे अपवाद त्यात नमूद आहेत, आणि ते थेरपिस्टने आधीच समजावून सांगायला हवेत.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात मानसिक आजार म्हटले की धारवाडचे नाव निघते. १८४५ साली तिथे वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले आणि तेव्हापासूनची धास्ती अजून पुरती गेलेली नाही. आज तीच जागा ‘डिमहान्स’ ही शिक्षण आणि उपचार देणारी संस्था आहे, आणि मानसोपचार घेणाऱ्या बहुतेकांना कुठेही दाखल व्हावेच लागत नाही. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मा देवीला जाणाऱ्याने श्रद्धा सोडावी, असेही कोणी जाणकार सांगत नाही. अंगारा लावून गोळ्या बंद केल्या, तर नुकसान होते. फिट्स आणि स्किझोफ्रेनियात ते फार मोठे असते.

कोणाकडे जावे, याबाबतही गोंधळ आहे. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात, औषधे तेच देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ती विचारून घेण्यात संकोच नसावा. ‘समग्र’ अशी पाटी कोणीही लावू शकतो. पहिल्याच भेटीत डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये.

भाषेचा प्रश्न खडेबाजारात रोजचा आहे: गिऱ्हाइकाशी मराठी, कन्नड, उर्दू सारखीच चालते. पण रडायची भाषा प्रत्येकाची एकच असते, आणि थेरपी त्याच भाषेत झाली पाहिजे, असा आग्रह रुग्णाने धरावा. बेळगावात जिल्हा रुग्णालय आणि केएलईचे डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मिळते, मराठीतही आणि कन्नडमध्येही.